१५० हॉर्सपॉवरची गाडी घेतली तर घाटात खरंच जास्त मजा येते का?

पसरणीची_पहाट

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतो, गाव वाईजवळ. माझ्याकडे २०१२ ची स्विफ्ट व्हीडीआय आहे, पहिल्या दिवसापासून मीच चालवतोय, १ लाख ६८ हजार किमी झालेत. तेच ते १२४८ सीसीचं डिझेल, ७५ पीएस (म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर) आणि १९० एनएम टॉर्क. दोन हजार आरपीएमला टर्बो लागला की पाठ सीटला टेकते ते मला अजून तेवढंच आवडतं.

आता झालं असं की मामेभावाने फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी घेतली, १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल, १५० पीएस. दिवाळीत त्याने पुणे ते सातारा मला चालवायला दिली आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाही ओ. खंबाटकी घाट चढताना मी नेहमी पायथ्यापासून तयारीत असतो, गाडी तिसऱ्याला, आरपीएम वर, पुढे ट्रक कुठल्या लेनमध्ये आहे ते बघून ठेवलेलं, आणि ह्या गाडीत काहीच करावं लागलं नाही, पाय जरा दाबला की वर. घरी येऊन माझी गाडी चालवली तर क्लच जड वाटला, आवाज जास्त वाटला, मन थोडं खट्टू झालं.

तर प्रश्न फक्त मजेचा आहे. मायलेज, रिसेल, मेंटेनन्स याचा हिशोब मी करीन. ऑफिसला कंपनीच्या बसने जातो, गाडी निघते रविवारी पहाटे साडेपाचला, सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट, पाचगणीला चहा आणि परत. पावसाळा संपला की ताम्हिणीतून माणगाव. तीन पर्याय आहेत: दोन-तीन वर्षं वापरलेली १५० पीएसवाली, नवीन स्विफ्ट पेट्रोल मॅन्युअल जिला ८२ पीएस आहेत, किंवा आहे तीच ठेवायची. ज्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या मनापासून चालवल्यात त्यांनी सांगा.

सहावा_गिअर

घे रे बिनधास्त. मी इस्लामपूरचा, आधी मारुती ८०० होती मग वॅगनआर आणि आता २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८, १८० पीएस. लहान गाडीत जास्त मजा असं म्हणणारे बरेच भेटतात पण त्यातले निम्मे असे असतात ज्यांनी मोठं इंजिन स्वतःचं म्हणून वर्षभर कधी चालवलेलं नसतं. एक दिवस मित्राची गाडी चालवून काही कळत नाही.

माझा रस्ता कसा आहे सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे ऊसाचा हंगाम, दोन लेनचा रस्ता, पुढे ट्रॅक्टरला डबल ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब, त्याच्यामागे एसटी, एसटीच्या मागे आपण. समोरून मोकळं मिळतं ते एवढंसं. वॅगनआरमध्ये मी तिथे गिअर खाली टाकून आवाज करत बाहेर निघायचो आणि ट्रॉलीच्या मध्यावर पोचल्यावर पोटात गोळा यायचा की आता पुढे जावं का ब्रेक मारून परत मागे यावं. ऑक्टाव्हियात बाहेर आलो, पाय दिला, आत आलो, संपलं. उलट्या बाजूला जेवढा कमी वेळ तेवढं बरं ना. आणि त्या दोन-तीन सेकंदांत जी गाडी ओढते, टर्बोचा तो एकसारखा रेटा, ती मजा नाही तर काय आहे? मी आज दहा वर्षांनीही रिकामा रस्ता दिसला की हसतो.

ताकद वापरायची का नाही ते आपल्या हातात असतं. नसेल तर आणणार कुठून?

वळणाची_त्रिज्या

सहावा_गिअर दादांचं ओव्हरटेकचं म्हणणं शंभर टक्के मान्य, मीही त्याच भागात नोकरी केलीय. पण मूळ प्रश्न घाटाचा आहे आणि घाटात गणित बदलतं. मी मेकॅनिकल शिकवतो, म्हणून थोडं आकड्यांत सांगतो, कंटाळू नका.

समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर आहे आणि टायरची पकड साधारण ०.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट. त्या वळणातून जास्तीत जास्त वेग निघतो ताशी ५१-५२ किमी. आता बघा, या हिशोबात हॉर्सपॉवर कुठेच नाही. वजनसुद्धा कटून जातं. ८२ पीएस असो नाहीतर ३०० पीएस, त्या वळणात दोघंही पन्नाशीतच, आणि खरं तर रस्त्यावरच्या खडीने आणि कडेच्या मातीने त्याच्याही बरेच खाली. म्हणजे वळणात जी मजा असते, स्टिअरिंगमधून हाताला कळणं, गाडी एका बाजूला बसणं, बाहेरच्या चाकांवर वजन येणं, ती सगळी टायर, सस्पेन्शन, वजन आणि स्टिअरिंगची आहे. इंजिनचा त्यात वाटा फार थोडा.

इंजिन येतं दोन वळणांच्या मधल्या सरळ तुकड्यात. चढावर ८० मीटर जोर लावायला मिळाला तर ढोबळमानाने चाळीसवरून लहान गाडी पंचाहत्तरला पोचेल, ताकदवान गाडी पंच्याऐंशीला. ऐकायला दहाचाच फरक आहे पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पुढच्या वळणाआधी परत चाळीसवर यायला ब्रेकला दर किलो वजनामागे ४० टक्के जास्त ऊर्जा खायची आहे, वर गाडी जड. व्हर्टस १.५ साडेबाराशे किलोच्या आसपास आणि नवी स्विफ्ट सव्वानऊशेच्या. उतरताना हे पायाला लगेच कळतं, चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेकचा वास यायला लागतो.

आणि पसरणीसारख्या घाटात पंच्याऐंशी हा वेगच नव्हे. वळणाच्या आड टेम्पो बंद पडलेला असतो, माणसं टपरीवर उभी असतात, पाचगणीच्या शाळांच्या बस असतात. म्हणजे ताकदवान गाडी तुम्ही अर्ध्या पायाने चालवणार. लहान गाडीत तोच पाय खालपर्यंत जातो, दुसरा तिसरा दुसरा करत इंजिन पूर्ण आवाजात वापरता येतं आणि वेग तरीही माणसात राहतो. मला स्वतःला ही मजा जास्त वाटते, कारण यात करायला काम असतं.

जुना_खंडाळा

पसरणीची पहाट, तुझ्या पोस्टमधलं ते "पायथ्यापासून तयारीत असतो" वाचून बरं वाटलं बाळा. वय ७१. पहिली गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला.

तेव्हा एक्सप्रेसवे नव्हता, मुंबई-पुणे सगळी वाहतूक जुन्या बोरघाटातून, एसटी, ट्रक, टँकर, सगळे एकाच रस्त्याला. मी दादरला नोकरीला, घर पुण्यात, शनिवारी रात्री निघायचो. खोपोली सोडली की गाडीत बोलणं बंद. शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायचं आणि तिथून पुढे सगळा खेळ वेग न मोडण्याचा. एकदा वेग मोडला की परत जमवायला ताकद नव्हती. त्यामुळे तीनशे मीटर पुढचा ट्रक कुठे पोचेल, आपण त्याला वळणाच्या आधी गाठू की नंतर, हे आधीच ओळखायला लागायचं. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हतं, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, रेस द्या, परत क्लच दाबा आणि मग दांडा. बरोबर पडला तर आवाजसुद्धा यायचा नाही. बायको झोपलेली असायची, ती जागी झाली नाही म्हणजे गिअर बरोबर पडला, असं माझं माप होतं.

नंतर मारुती ८०० घेतली. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, चाळिशीच्या आतच हॉर्सपॉवर, पण वजन जेमतेम साडेसहाशे किलो. पद्मिनीनंतर ती गाडी म्हणजे हातात पाखरू धरल्यासारखी. आता मुलाकडे मोठी ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, २०० च्या आसपास पीएस. उत्तम गाडी आहे, माझी पाठ आता तिच्यातच बरी राहते. पण घाट कधी सुरू झाला आणि कधी संपला ते मला तिच्यात कळत नाही. घाटातला जुना अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला ते वाचलं तेव्हा मला तो ८०० च्या काचेतूनच आठवला.

सहावा_गिअर

काका तुमचं वाचून अंगावर काटा आला, खरंच. पण एक विचारू का, राग मानू नका. तेव्हा जर तुम्हाला कोणी त्याच घाटात १५० हॉर्सपॉवर दिले असते तर तुम्ही नको म्हणाला असता का?

जुना_खंडाळा

नसतो म्हणालो रे. दोन्ही हातांनी घेतले असते. पण मग गाडी चालवायला शिकलो असतो का ते मात्र सांगता येत नाही.

करवीरची_पोर

मी कोल्हापूरची, कार्टिंगपासून सुरुवात केली म्हणून माझा अनुभव जरा वेगळा आहे. भाड्याने मिळणाऱ्या गो-कार्टला आठ-नऊ हॉर्सपॉवर असतात हो फक्त! माझ्या भावाच्या मोटरसायकलला त्याच्यापेक्षा जास्त आहेत. पण बूड जमिनीपासून चार बोटांवर, सस्पेन्शन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, मागचा ॲक्सल एकसंध त्यामुळे वळवताना आतलं मागचं चाक हलकं व्हावं लागतं नाहीतर कार्ट सरळच जायला बघते, दहा लॅप झाल्या की मनगटं भरून येतात. पन्नासच्या वेगाला शंभरसारखं वाटतं. पहिल्यांदा उतरले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मी परत तिकीट काढायला गेले.

नंतर कोईमतूरला करी मोटर स्पीडवेवर एका ट्रेनिंगला गेले होते. २.१ किमीचा ट्रॅक. आपल्याकडे सिंगल सीटर रेसिंग शिकणाऱ्या कित्येक जणांची सुरुवात फॉर्म्युला एलजीबीच्या गाड्यांवर होते, आणि त्यात इंजिन कुठलं असतं माहितीये का? मारुतीचं. एकात एस्टीमचं १.३ आणि दुसऱ्यात स्विफ्टचं १.३. म्हणजे जे इंजिन घेऊन लोक भाजी आणायला गेले तेच. फरक फक्त वजनाचा आणि टायरचा. तिथे सगळ्यांची गाडी सारखी, त्यामुळे पुढचा तुमच्यापेक्षा फास्ट असेल तर कारण फक्त तो माणूस. ब्रेक कुठे सोडला, गॅस कधी दिला, एवढंच.

म्हणून माझं मत असं की ताकद हवी, नक्की हवी, पण जेवढी तुम्ही पूर्ण वापरू शकता त्याच्या थोडीशी पुढची. माझ्यासोबत एक मुलगा होता, घरी भारी गाडी, पहिल्या दिवशी सरळात सगळ्यांच्या पुढे आणि प्रत्येक वळणात रुंद जायचा, कारण आयुष्यात त्याला ब्रेक सोडत सोडत वळणं कधी लागलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तोच सगळ्यात जास्त हसत होता.

पसरणीची पहाट दादा, गाडी घ्यायच्या आधी तुमच्या आताच्या स्विफ्टचे टायर किती जुने आहेत ते सांगा. तारीख असते बाजूला, चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

राईनकाठचा_मराठी

जर्मनीत नऊ वर्षं आहे, मूळ नाशिक. इथल्या लोकांना दोन्ही गोष्टी मिळतात, लिमिट नसलेला ऑटोबान आणि न्यूरबुर्गरिंगचा रेस ट्रॅक, म्हणून लिहितो.

ऑटोबानवर जोरात जाण्याचं सुरुवातीला मलाही फार होतं. कंपनीची गाडी मिळाली होती, २५० पर्यंत जाणारी. सांगतो, २०० च्या वर मजा कमी आणि काम जास्त. नजर दोन किमी पुढे ठेवायची, १३० ने जाणारा कोण डाव्या लेनमध्ये येईल ते बघत राहायचं, अर्ध्या तासाने मान आखडते. सरळ रस्ता सरळच राहतो.

न्यूरबुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, नॉर्डश्लायफं, मात्र वेगळी गोष्ट आहे. २०.८ किमी, ठराविक दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी घेऊन जाऊ शकतो, वन-वे, लॅपची वेळ मोजायला बंदी. मी तिथे पहिल्यांदा भाड्याची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट घेतली होती, १.६ लिटर, १३६ पीएस, टर्बो नाही. देणाऱ्याने स्वतःच सांगितलं की पहिल्यांदा येतोयस तर हीच घे. डोंगरातला ट्रॅक आहे, चढउतार आपल्या घाटासारखे, टेकडीच्या माथ्यावर गाडी हलकी होते आणि पलीकडे वळण दिसतच नाही. पहिल्या चार लॅप मी फक्त आरशात बघत होतो आणि पोर्शेंना साईड देत होतो. सहाव्या लॅपला पाऊस आला. मग ओल्यात त्याच मोठ्या गाड्या जपून जायला लागल्या, आणि मी एका चारशे हॉर्सपॉवरवाल्याच्या मागे अख्खी अर्धी लॅप होतो, त्याला पाय देता येत नव्हता आणि मला देता येत होता. तो दिवस मी कधी विसरणार नाही.

पुढच्या वर्षी तिथेच ३०० च्या पुढची गाडी घेतली. वेगवान होती, हातही बसला होता, पण डोक्यात सारखं भाडं, डिपॉझिट आणि रेलिंग. रिंगवर रेलिंगला धक्का लागला तर त्याचंही बिल येतं. मजा म्हणून विचाराल तर मला स्विफ्टवाला दिवस जवळचा आहे.

चाकणचा_विजेरी

इलेक्ट्रिकचं कोणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. मी महिंद्राची बीई ६ चालवतो, मोठी बॅटरीवाली, २८६ पीएस, ३८० एनएम, शून्य ते शंभर ६.७ सेकंद. सिग्नलवरून, रिंगरोडला, समृद्धीवर चढताना जो रेटा मिळतो त्याला तोड नाही आणि वाट बघावी लागत नाही, टर्बो नाही, गिअर नाही. घरच्यांना दाखवायला पहिले दोन महिने मीच सारखा करायचो. आता शांतपणे चालवतो आणि शांतपणाच आवडायला लागलाय. घाटात मात्र वजन जाणवतं, उतारावर रीजनमुळे (पाय काढला की मोटरच गाडी अडवते आणि बॅटरी भरते) एका पायाने गाडी खेळवता येते ते एक नवीन कौशल्य आहे आणि ते मला मनापासून आवडतं. पण तू जे "दोन हजारला टर्बो लागतो" म्हणतोस ना, ते इथे नाही मिळणार, त्याची आठवण मला पण येते.

पसरणीची_पहाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे गप्प होतो कारण सांगण्यासारखं काहीतरी करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

मामेभावाला विनंती केली आणि एका रविवारी दोन्ही गाड्या घेऊन वाईला गेलो. पहाटे सहाला पसरणीच्या पायथ्याला. आधी त्याची व्हर्टस. खरं सांगतो, हायवेवर परत तोच आनंद, खंबाटकीला परत तेच, आणि सहावा_गिअर दादा म्हणतात ते वाईच्या आधी एका टेम्पोला काढताना अगदी पटलं, पोटात गोळा नाही काही नाही. पण पसरणीत वळणाची_त्रिज्या सरांचं वाक्य आठवत होतं. अख्खा घाट मी अर्ध्यापेक्षा जास्त पाय दिलाच नाही, द्यायची जागाच नव्हती. हॅरिसन फॉलीच्या फाट्याला लागलो तेव्हा वाटलं, अरे झाला पण?

मग खाली येऊन माझी स्विफ्ट. दुसऱ्यात वळणात शिरलो, बाहेर पडताना आरपीएम अठराशे, गॅस दिला, एक क्षण काही नाही आणि मग आला टर्बो, तिसरा, लगेच पुढचं वळण, परत दुसरा. काचा खाली होत्या. धोम धरणाच्या बाजूने गार वारा येत होता. वेग भावाच्या गाडीपेक्षा कमीच होता, भाऊ मागून येत होता त्याने नंतर सांगितलं की आरामात मागे होतो म्हणून. पण वर पोचलो तेव्हा तळहाताला घाम होता आणि चहा सांगायचं सुचत नव्हतं.

करवीरची_पोर ताई, टायरची तारीख बघितली. २०१७! मला लाज वाटली, कारण नक्षी शिल्लक दिसत होती म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं, रबर नखाने दाबलं तर लाकडासारखं. गॅरेजवाल्याने खाली घालून बघितलं तर पुढचे लोअर आर्मचे बुश गेलेत आणि मागचा एक शॉकअप लिक आहे. म्हणजे गेली दोन वर्षं मी जी गाडी "जुनी झाली" म्हणत होतो ती तशी नव्हतीच.

त्यामुळे आत्ता नवीन काही घेत नाही. आरसीची पंधरा वर्षं २०२७ ला संपतायत, तेव्हा रिन्यू करायची का १५० पीएसवाली आणायची ते बघू. ती इच्छा गेलेली नाही, खोटं कशाला बोलू, हायवेवर तिच्यासारखी गाडी नाही. तोपर्यंत बुश, चारी शॉकअप, टायर, आणि कोल्हापूरला कार्टिंगचे दोन दिवस, ते बायकोने स्वतःहून ठरवलंय, ती पण चालवणार आहे.

आता टायरचं सांगा. कंपनीचे १६५/८० आर१४ आहेत (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये). गॅरेजवाला १८५/७० आर१४ टाक म्हणतो, उंची जवळपास तेवढीच राहते, स्पीडोमीटरला फरक पडत नाही. पण रुंद टायरने स्टिअरिंग जड होईल का, आणि ७५ पीएसला तेवढी पकड जास्त होऊन गाडी सुस्त वाटेल का? ज्यांनी याच गाडीला बदललेत त्यांनी सांगा, शनिवारी टाकायचे आहेत.

करवीरची_पोर

व्हीडीआयची रिम किती इंची रुंद आहे ते आधी बघा, आतल्या बाजूला कोरलेलं असतं. साडेपाचची असेल तर १८५ छान बसतील. पाचची असेल तर १७५ च्या वर जाऊ नका, टायरची बाजू फुगते आणि वळणात स्टिअरिंग उशिरा बोलतं. आणि टाकल्यावर पहिले दोनशे किमी जपून, नवीन टायर गुळगुळीत असतो.